समुद्राने दिलेली मुदत

काडेपेटी असेल तर इथेच काढून ठेवा. लायटरही. जुहूहून समुद्रातल्या तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये बसण्याआधी सगळ्यांचीच झडती होते; जिथे जायचंय तिथे एक ठिणगी पुरते. मोबाइल हवा तर न्या, पण उपयोग नाही. आपण ज्या काळात निघालोय तिथे साध्या घरच्या फोनसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघतायत. खिशात एक रुपयाची नोट असेल तर मात्र राहू द्या. तिच्या मागच्या बाजूला समुद्रात उभा असलेला एक लोखंडी सांगाडा छापलाय. आज त्याच्यावर चढायचंय.

लाइफ जॅकेटचे बंद आवळा. दार लागलं. पण मुंबईच्या समुद्राआधी एक थांबा उत्तरेला आहे.

खंबातचं आखात, मार्च १९७०

जाळीवर पाय जपून ठेवा. खालून गढूळ पाणी आत घुसतंय. या आखाताची भरती देशात सगळ्यात मोठी. सकाळी जिथे नुसता चिखल होता तिथे दुपारी दोनमजली घर बुडेल एवढं पाणी चढतं, आणि ते येतंही घाईघाईने.

हे अलियाबेट, गुजरातच्या किनाऱ्यालगतचं. भारताची समुद्रातली पहिली तेलविहीर इथे खणली जातेय. पंतप्रधान इंदिरा गांधी येऊन उद्घाटन करून गेल्यात. या मचाणाचं नाव 'लीप फॉरवर्ड'. नाव उडीचं असलं तरी जागा किनाऱ्याला धरूनच आहे.

शेजारच्या अभियंत्याला विचारा, हेड ऑफिस कुठं? तो सांगेल, डेहराडून. समुद्रात तेल शोधणाऱ्या संस्थेचं मुख्यालय हिमालयाच्या पायथ्याशी बघून तुम्हाला हसू येईल, पण १९५६ साली तेल आणि नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आपली ओएनजीसी, उभी राहिली तेव्हा समुद्राचं नाव कोण घेत होतं? भारतात फारसं तेल नाहीच, असं परदेशी कंपन्या सांगत होत्या. केशवदेव मालवीय या मंत्र्याने ते मानलं नाही. रशियन तज्ज्ञ बोलावले, आपली पोरं शिकायला पाठवली. १९५८ मध्ये खंबातजवळ लुणेजला तेल लागलं, १९६० मध्ये अंकलेश्वरला. मग साहजिकच प्रश्न आला: जमिनीखालचे हेच थर आखाताखालून पुढे जात असतील, तर तेल किनाऱ्यापाशी कशाला थांबेल?

त्या प्रश्नापायी साठच्या दशकात 'अकाडेमिक अर्खांगेल्स्की' हे रशियन जहाज या पाण्यात फिरलं. पाण्यात हादरा द्यायचा, तळाखालच्या खडकांवर आपटून परत आलेला आवाज टिपायचा, आणि तो यायला किती वेळ लागला यावरून खालचे चढउतार कागदावर काढायचे. त्या कागदांवर मुंबईच्या पश्चिमेला, सुमारे १६० किलोमीटरवर, खडकांच्या थरांना आलेला एक प्रचंड उंचवटा दिसला. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते वर सरकत सरकत अशा उंचवट्याच्या माथ्याशी अडकतं. मात्र माथा असला म्हणजे तेल असेलच, असं कुणी लिहून देत नाही. ते कळायचं तर भोक पाडायला हवं, आणि तिथे पाणी आहे ७५ मीटरच्या आसपास. एवढ्या पाण्यात पाय रोवून उभं राहणारं यंत्र १९७० साली देशात नाही.

अलियाबेटला धंदा व्हावा असं तेल लागत नाही. भरती उतरली की निघूया.

गिरगाव, जानेवारी १९७४

रेशनच्या दुकानाबाहेर रॉकेलची रांग आहे. रांगेत माणसं कमी आणि डबेच जास्त. बायका जिन्याच्या सावलीत बसल्यात आणि प्रत्येकीची नजर आपापल्या डब्यावर. तुम्ही उगाच मधे उभे राहिलात तर लगेच हटकतील: "अहो, तुमचा डबा कुठाय? मागं जा." मागे जा. यांच्यातल्या कितीतरी जणी महागाईविरुद्धच्या लाटणं मोर्चात जाऊन आल्यात. वाद घालून तुमचा निभाव लागायचा नाही.

ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि तेल विकणाऱ्या देशांनी भाव चढवले. पिंपाला ३ डॉलरच्या आसपास मिळणारं कच्चं तेल या महिन्यात ११ डॉलरच्या वर गेलंय. देशाला लागणाऱ्या तेलापैकी सुमारे दोन तृतीयांश बाहेरून येतं, तेव्हा तिजोरीत आधीच जेमतेम असलेले डॉलर बोटींमध्ये ओतले जातायत. नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी इंधन दरवाढीच्या निषेधाला बैलगाडीतून संसदेत गेले होते. इथल्या बायकांना ते चित्र बघून हसू आलं असेल, पण स्टोव्ह हसण्यावर पेटत नाही.

याच आठवड्यांत जपानमधल्या हिरोशिमात मित्सुबिशीने बांधलेलं एक यंत्र मुंबईच्या पश्चिमेला नेमून दिलेल्या जागेकडे जातंय. त्याची खरेदी ठरली तेव्हा तेल स्वस्त होतं. ही वेळ कुणी साधलेली नाही. गरज भासण्याच्या कितीतरी आधी ज्यांनी कागदावरच्या त्या उंचवट्यासाठी पैसे मागितले, त्यांचं हे काम आहे. रांगेतल्या बाईंना यातलं काही सांगू नका. त्यांचा नंबर आलाय.

सागर सम्राट, फेब्रुवारी १९७४

या वेळी बोटीने. रात्रभर हेलकावे खाऊन सकाळी तुम्ही बघता तर समोर पाण्यातून वर आलेले जाळीदार पाय आणि त्यांवर उचलून धरलेला एक कारखाना. पाय समुद्राच्या तळात रुतलेत, आणि धड लाटांच्या वर अधांतरी आहे. एक रुपयाच्या नोटेवर छापला गेलेला तो हाच.

वर जायला जिना नाही. क्रेनच्या टोकाला दोरांचं एक जाळं लोंबतंय, खाली गोल कडं. त्याला सगळे बास्केट म्हणतात. सामान आत टाका, तुम्ही बाहेरून कड्यावर उभे राहा, दोर घट्ट धरा. आत शिरायचं नसतं. पडलीच तर सुटता यायला हवं. बोट लाटेवर वर येते त्या क्षणी क्रेनवाला ओढतो आणि तुमचे पाय डेकपासून सुटतात. खाली बघू नका म्हणून कितीही सांगितलं तरी तुम्ही बघणार.

वर आवाज एवढा की बोलणं खुणांवर चालतं. कुणी सरदारजी, कुणी आसामी, कुणी तमिळ, दोनचार गोरे. सगळ्यांची मिळून एक मोडकी हिंदी-इंग्रजी. मधोमध पाइप गरगरतोय, त्याच्या टोकाचं बिट खाली हजार मीटरच्याही पलीकडे खडक खातंय. पाइपातून मड सोडतात, म्हणजे माती आणि रसायनं घालून जड केलेलं पाणी. ते बिटमधून बाहेर पडतं आणि पाइपाच्या बाहेरच्या फटीतून चुरा घेऊन वर येतं. भोकात त्याचं वजन असतं म्हणून खालचा दाब उसळून वर येत नाही. मड हलका पडला की विहीर अंगावर येते. जड झाला तर तेल असूनही ते आतच दडपलं जातं.

आता शेल शेकरपाशी या. ही हलणारी चाळण. मड खाली गळतो, चुरा वर राहतो. वेल-साइट जिऑलॉजिस्ट, विशीतला पोरगा, चमचाभर चुरा उचलतो, धुतो, तुमच्या तळहातावर ठेवतो. पांढुरका, चुनखडीचा. बोटाने चुरडलात तर खरखरतो. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, कोमट समुद्र होता; त्यातल्या शिंपल्यांचा आणि सूक्ष्म जिवांचा गाळ दाबला जाऊन हा दगड झालाय. भिंगाखाली बघा, अनारशासारखी जाळी पडलीय. तेल राहतं ते या जाळीत. समुद्राखाली तेलाचं तळं असतं अशी तुमची समजूत असेल तर ती इथेच सोडा.

पोरगा नमुना एका काळ्या पेटीत सरकवतो. आत अतिनील दिवा. "झुकून बघा," तो म्हणतो. पांढऱ्या चुऱ्यातले काही कण सोनेरी पिवळे पेटलेत. साध्या उजेडात ते दिसत नव्हते. शेजारच्या कागदावर वायूची नोंद करणारी सुई वर चढलीय. पोरगा काही बोलत नाही, दुसरा नमुना धुवायला घेतो, मग तिसरा. तिन्हीत सोनेरी कण. मगच तो पळत वर जातो.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ती बातमी देशाला कळते. कागदावरच्या त्या उंचवट्यात, म्हणजे बॉम्बे हायमध्ये, तेल आहे.

उरण, १९७८

चार वर्षं पुढे. मधे काय झालं ते थोडक्यात: २१ मे १९७६ ला बॉम्बे हायमधून व्यापारी उत्पादन सुरू झालं, शोधापासून सव्वादोन वर्षांत. खोल समुद्रातला काहीच अनुभव नसलेल्या संस्थेसाठी हा वेग दांडगाच. सुरुवातीला तेल समुद्रातच टँकरमध्ये भरून आणायचे. पावसाळ्यात ते किती जिकिरीचं होतं याचा अंदाज बास्केटमधून आलेल्या माणसाला करता येईल. आता समुद्रतळावरून दोनशे किलोमीटरच्या आसपास पाइपलाइन आलीय आणि ती इथे जमिनीवर चढते.

इथली हवा खारट आहे. एका बाजूला मिठागरं, भाताची शेतं. दुसऱ्या बाजूला कुंपण, चकचकीत नळ्या आणि टाक्या. ज्यांची शेतं गेली त्यांच्या घरात एकच विषय आहे: नोकरी कुणाला लागली, कुणाची राहिली. करंजाच्या धक्क्यावर एका तांडेलाला तुम्ही विचारता, तिकडं जाता का हो, तेलाच्या खांबांकडं? तो जाळं शिवता शिवता सांगतो, "खांबांजवल मावरं लय असतं. पन जवल येव देत नाय." सुरक्षेसाठी प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरची हद्द आहे, आणि त्या खांबांच्या सावलीत मासळी जमते हेही खरं. तेलाच्या या वैभवात त्याच्या वाट्याला ही हद्द आलीय.

इथे उभं राहून बघितलं तर ओएनजीसीची वाढ कशी झाली ते कळतं. एक तेलक्षेत्र सापडलं तसं त्याच्या आसपास शोधायचं धाडस आलं: वसई, पन्ना, हीरा, आणि पुढे नीलम, रत्ना. माझगाव डॉकने प्लॅटफॉर्मचे सांगाडे बांधायला घेतले. पुढच्या काही वर्षांत याच वायूवर उरणला बोकडविऱ्याचं वीजकेंद्र चालेल आणि अलिबागजवळ थळला खताचा कारखाना. वसई क्षेत्राचा वायू हजिऱ्याला चढून पाइपने थेट उत्तर प्रदेशातल्या खत कारखान्यांपर्यंत जाईल. समुद्रात जाणाऱ्यांची एक नवी जात तयार होईल, चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस घरी अशी. त्यांच्या घरी गणपतीला बाप असेल की नाही हे कालनिर्णय सांगणार नाही, ड्युटीचा तक्ता सांगेल.

खडकाच्या आत, १९८५ ते १९९१

हा थांबा अवघड आहे, कारण इथे उभं राहायला जागा नाही. तुम्ही त्या चुनखडीच्या जाळीत आहात.

वर आनंदीआनंद आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला देशाला लागणाऱ्या तेलापैकी सुमारे ७० टक्के देशातच निघतंय आणि त्यात सिंहाचा वाटा तुमच्या या दगडाचा. १९८९ च्या सुमारास बॉम्बे हाय दिवसाला साडेचार लाखांहून जास्त पिंपं देतंय.

पण इथे आत दाब कमी होतोय. तेलाला वर ढकलणारी शक्ती तीच. तेलाच्या वर वायू आहे, खाली पाणी. विहिरी जोरात ओढल्या की वायू आणि पाणी तेलाला मागे टाकून पुढे घुसतात आणि तेल जाळीत अडकून राहतं. इलाज ठाऊक आहे: समुद्राचं पाणी गाळून, शुद्ध करून परत खडकात दाबायचं, म्हणजे दाब टिकतो. ते काम सुरूही झालंय. मात्र दिल्लीला दरवर्षी जास्त तेल हवंय आणि पाणी भरण्यापेक्षा तेल काढण्याची घाई मोठी आहे. विहिरींना फार पिळलं, असा आरोप पुढे उघडपणे होणार आहे. काही विहिरी विश्रांतीसाठी बंद ठेवाव्या लागणार आहेत.

परिणाम आकड्यांत दिसतो. देशाचं तेल उत्पादन १९८९-९० मध्ये ३.४ कोटी टन होतं. १९९२-९३ मध्ये ते २.७ कोटी टनांवर आलं. आणि ही घसरण सुरू होते नेमकी कधी? सद्दामने कुवेत घेतलं, तेल भडकलं, देशावर सोनं गहाण टाकायची पाळी आली, त्याच सुमाराला. १९७४ ला योगायोग आपल्या बाजूने होता. या वेळी त्याने बाजू बदलली.

मधल्या पंधरा वर्षांचं काय केलं, हा प्रश्न मग अभियंत्यांपुरता राहत नाही. आपलं तेल आहे या भरवशावर आपण स्कूटरी घेतल्या, ट्रक वाढवले, रेल्वेवरून जाणारा माल रस्त्यावर आणला. रॉकेलच्या रांगेने जे शिकवलं होतं ते विसरायला ही मुदत पुरेशी होती.

बॉम्बे हाय नॉर्थ, २७ जुलै २००५

कालच सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झालाय. मुंबई अजून पाण्यात आहे, जुहूची हेलिकॉप्टरं जागची हलू शकत नाहीत. इथे समुद्र खवळलेला. 'समुद्र सुरक्षा' या कामाच्या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली गेलीत आणि त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर न्यायचंय. हेलिकॉप्टर नाही, म्हणून बास्केट.

बास्केट तुम्हाला ठाऊक आहे. दुपारचे चार वाजलेत. जहाज वाऱ्याच्या तोंडाशी असलेल्या बाजूला लागतं, कारण आडोशाच्या बाजूची क्रेन वापरता येत नाही. जखमी माणूस वर पोचतो. काम झालं असं वाटतं न वाटतं तोच जहाज दूर होताना एका लाटेवर उचललं जातं आणि त्याचा हेलिडेक रायझरवर आदळतो. रायझर म्हणजे समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर चढणाऱ्या, दाबाखाली वायू वाहणाऱ्या उभ्या नळ्या. वायू सुटतो, पेट घेतो, आणि आगीने शेजारच्या नळ्या फुटतात.

सात मजल्यांचा तो प्लॅटफॉर्म सुमारे दोन तासांत कोसळून पाण्यात जातो. ३६२ माणसं वाचतात, नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या बोटींमुळे. २२ जण जातात.

यावर चौकशा झाल्या. रायझर कुठे असावेत, त्यांना कसलं संरक्षण हवं, कोणत्या हवेत बोट लावू द्यायची आणि नाही म्हणायचा अधिकार कुणाचा, यावर भरपूर लिहिलं गेलं. तरी सोळा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाचे इशारे आलेले असताना पी-३०५ हा कामगारांचा तराफा याच समुद्रात राहिला, नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. तो आणि वरप्रदा ही टग मिळून ८६ माणसं गेली. त्यांतले बहुतेक कंत्राटी होते. अशा अपघातांची बातमी येते तेव्हा समुद्राला खलनायक करण्याची आपल्याला सवय आहे. समुद्र दोन्ही वेळा जुलैत आणि वादळात जसा वागतो तसाच वागला. निर्णय माणसांचे होते.

आज

परत या. जाकीट काढा.

बॉम्बे हाय आता मुंबई हाय झालंय आणि पन्नाशी ओलांडून अजून तेल देतंय, पण ऐन भराच्या तुलनेत एक तृतीयांशही नाही. स्वतः सागर सम्राट खोदकामातून निवृत्त होऊन, मोठ्या कष्टाने आणि ठरल्यापेक्षा कितीतरी उशिरा, उत्पादनाच्या प्लॅटफॉर्ममध्ये बदललाय. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने या क्षेत्राचं उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक सल्लागार म्हणून दहा वर्षांसाठी घेतलं. ज्या दगडातून तुम्ही बाहेर आलात त्यात अर्ध्याहून जास्त तेल अजून अडकलेलं आहे आणि ते सोडवणं हे नवं क्षेत्र शोधण्याइतकंच मोठं काम आहे. कंपनीचं दुसरं पाऊल पूर्व किनाऱ्यावर पडलंय: काकीनाड्यासमोर, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल समुद्रातून जानेवारी २०२४ मध्ये पहिलं तेल निघालं. तिथे पाय रोवणारा सागर सम्राट चालत नाही. विहिरींची तोंडं समुद्रतळावरच बसवतात आणि वर तरंगतं जहाज तेल गोळा करतं.

एवढं सगळं होऊन देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आज बाहेरून येतं. १९७४ च्या रांगेत हे प्रमाण दोन तृतीयांश होतं. म्हणजे ओएनजीसी हरली का? आकड्यांवरून तसं म्हणणाऱ्यांनी शेकरवरच्या त्या पोराला आठवावं. त्याने आणि त्याच्या पिढीने जे काढलं ते नसतं तर सोनं १९९१ च्या कितीतरी आधी गहाण पडलं असतं. त्यांनी देशाला तेल दिलं, त्याहून मोठं म्हणजे सवड दिली. सवडीचा उपयोग करणं हे खोदणाऱ्याचं काम नव्हतं. ते आपलं होतं, पेट्रोल पंपावर गाडी लावणाऱ्या प्रत्येकाचं आणि आपण निवडून दिलेल्यांचं.

काकीनाड्यासमोर नवं तेल लागलंय म्हणून कुणी पेढे वाटायला निघालं, तर पेढा जरूर खा. फक्त त्याला विचारा, की या वेळी मिळालेल्या वर्षांत आपण नेमकं काय करणार आहोत, आणि तिथे वादळाच्या दिवशी काम थांबवण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे.